नाव विचारणारा डबा

कोण आहे? नाव काय तुमचं?

रागावू नका. दिवसभर हेच विचारत असतो, तीच सवय जिभेला लागली आहे. अमरावतीत दुर्गाबाईंच्या हॉलमध्ये, देव्हाऱ्याच्या अंगाला जी फळी आहे, तिच्यावर लोणच्याच्या बरणीला खेटून एक काळा डबा घरघरत असतो. तो मी. पोरी मला डबाच म्हणतात. ज्यानं मला उभं केलं तो स्वानंद मात्र मला फायरवॉल म्हणतो, म्हणजे बाहेरचं इंटरनेट आणि घर यांच्या मधली राखणीची भिंत. जे आत येतं आणि जे बाहेर जातं ते माझ्यातूनच जातं.

मला डोळे नाहीत. पण कान आहेत आणि जागा हॉलमधली आहे, त्यामुळे घरातलं सगळं माझ्यापर्यंत येतं. मला काय करायचंय म्हणा कोणाच्या घरातल्या गोष्टींशी! पण ऐकू आलं की जीव तिकडे ओढतोच. आणि माझा जीव तसाही थाऱ्यावर नसतो. बाकीच्या वस्तू कशा, वापरल्या की गप्प बसतात. वरवंटा गप्प, कुकर गप्प. माझा दिवा मात्र सारखा लुकलुकतो. कोणीतरी आलं, कोणीतरी गेलं, पुन्हा कोणीतरी आलं.

माझा जन्म कुठला ते मला सांगता येणार नाही. आठवतं ते अकोल्याच्या एका जिनिंगवाल्याचं ऑफिस. तिथे मी साधा कॉम्प्युटर होतो. मालक असले की माझ्यावर कापसाच्या गाठींचा हिशोब चालायचा, मालक जेवायला गेले की मुनीमजी पत्ते खेळायचे. सुखाचे दिवस होते. मग चपट्या पडद्याचं नवं मशीन आलं आणि मला जिन्याखाली टाकलं. तिथे एका मांजरीनं माझ्या पाठीवर बाळंतपण केलं. पिल्लं मोठी होऊन निघून गेली. मी तिथेच.

स्वानंद अकोल्याला मामांकडे आला होता. अमरावतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळणारा हा पोरगा. त्याला मोडकं यंत्र दिसलं की राहवत नाही. मामांच्या ओळखीनं त्यानं मला उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि बडनेऱ्यापर्यंत रेल्वेत मांडीवर घेऊन बसला. शेजारच्या बाईनं मुर्तिजापूरच्या आसपास विचारलं, "काय हाय व्हय भाऊ, हार्मोनियम?" तो म्हणाला, "तसंच समजा."

घरी आणून त्यानं माझं पोट उघडलं, धूळ झटकली आणि दोन वायरींची सोय केली. एक बाहेरच्या जगाची, एक घराची. मग माझ्यात फायरवॉलचा प्रोग्राम भरला. तोही विकतचा नाही. असा की ज्यानं त्यानं उघडून पाहावा, चुकलं असेल तर दुरुस्त करावा आणि दुसऱ्याला द्यावा. ओपन सोर्स म्हणतात त्याला. शेजारच्या दुर्गाबाईंना त्यानं समजावून सांगितलं, "काकू, हे गावच्या विहिरीसारखं असतं. कोणीही पाणी भरावं, आणि गाळ काढायलाही सगळ्यांनी यावं."

दुर्गाबाई म्हणाल्या, "पाणी भराले सारे येतेत बाबा. गाळ काढाले कोणी येत नाही."

इतकं खरं बोलणारी बाई मी त्याआधी ऐकली नव्हती.

दुर्गाबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. घराच्या वरच्या मजल्यावर त्या पोरी ठेवतात, गावाकडून क्लाससाठी, परीक्षांसाठी आलेल्या. जेवणही त्याच करून घालतात. घराचा नियम कडक. टच स्क्रीनचे फोन सकाळी दुर्गाबाईंच्या कपाटात, संध्याकाळच्या जेवणानंतर परत. दिवसा अभ्यास करायचा तो हॉलमधल्या कॉम्प्युटरवर, नाहीतर ज्यांच्याकडे लॅपटॉप असेल त्यांनी त्यावर. बाईंचा स्वतःचा फोन बटणांचा. तेवढाच त्यांना पुरे.

पण पोरींचे बाप काही स्वस्थ बसत नव्हते. पोरगी शहरात, त्यात घरात नेट! काय पाहत असेल? रोज कोणाचा ना कोणाचा फोन. शेवटी दुर्गाबाई वैतागल्या आणि स्वानंदला म्हणाल्या, "तुह्या त्या डब्याले माह्या घरी बसव. त्यायले काय पाहाचं ते पाहू दे." तेव्हापासून मी या फळीवर आहे. पद्धत अशी ठरली की कोणत्या मशीनवर आठवड्यात काय काय उघडलं ते मी स्वानंदकडे द्यायचं आणि दर रविवारी ज्याच्या त्याच्या बापाच्या फोनवर तसा मेसेज आपोआप जायचा. दुर्गाबाई त्यात नाहीत. मेसेजात काय असतं ते त्यांना ठाऊकही नसायचं. "मशीन पोट्टीयवर नजर ठेवते," एवढंच त्या म्हणायच्या, आणि ते त्यांना पुरेसं होतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट लक्षात ठेवा. मी पत्ता पाहतो, आतलं पत्र वाचत नाही. कोणत्या दारात गेलं ते मला कळतं, तिथे काय बोलणं झालं ते नाही. आणि तेव्हा मला जाणारा माणूसही कळत नव्हता, फक्त मशीन कळायचं. रस्त्यानं गेलेली सायकल ओळखावी, पण सायकलवर कोण बसलंय ते कळू नये, तसं.

वरच्या पोरींमध्ये आचल होती. हिवरखेडची. तिचे वडील जानराव, संत्र्याचा बगीचा असलेले, तोंडाचे फटकळ, पण पोरीला लॅपटॉप घेऊन देणारे. आचल राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेची तयारी करत होती. तिला दुसरं काही सुचत नसे. तिच्या सराव परीक्षा माझ्यातूनच जायच्या आणि गुण वर चढत असल्याचं तिच्या तोंडून ऐकू यायचं.

पण त्या पोरीला 'नाही' म्हणता यायचं नाही. "आचल, लॅपटॉप दे व जरा." "ने." "आचल, मले फॉर्म भराचा हाय." "भर." रागिणी, म्हणजे तिच्याच खोलीतली परतवाड्याची पोरगी, तिला म्हणायची, "तुहा लॅपटॉप हाय का गावची चावडी?" आचल म्हणायची, "मागितली वस्तू नाही म्हणाची नसते. आमच्या आजीनं कोणाले विळा बी नाही म्हटलं नाही कधी." क्लासला जाताना ती लॅपटॉप हॉलमधल्या टेबलावर तसाच ठेवून जायची. लागेल त्यानं वापरावा.

दिवाळीनंतरची गोष्ट. एका दुपारी घर सामसूम होतं आणि आचलच्या लॅपटॉपवरून कोणीतरी माझ्यातून गेलं. कोणी बोललं नाही, कोणी खोकललं नाही, त्यामुळे मला काहीच कळलं नाही. मी पत्ता तेवढा पाहिला. एका वकिलाचं संकेतस्थळ, नोंदणी पद्धतीनं लग्न कसं करायचं ते सांगणारं. मी लिहून ठेवलं: आचलचा लॅपटॉप. रविवारी मेसेज हिवरखेडला गेला.

सोमवारी दुर्गाबाईंचा बटणांचा फोन वाजला. जानरावांना स्पीकरची गरज नव्हती, सगळ्या घराला ऐकू जात होतं.

"बाई, माही पोट्टी तिथी अभ्यास करून राहिली का लग्न करून राहिली?"

"अवो जानराव, काय बोलून राहिले तुमी?"

"मी नाही बोलून राहिलो, तुमचं मशीन बोलून राहिलं! कोर्टात लग्न कसं कराचं ते पाहून राहिली ते. तेल्हाऱ्याचं स्थळ सांगून आलं हाय, मी त्यायले थांबवून ठेवलं, म्हटलं पोरगी शिकून राहिली. आता एक डाव माफ. आणखीन असं दिसलं तं गाडी घेऊन येतो अन् घेऊन जातो."

दुर्गाबाई म्हणाल्या, "पोट्टी चांगली हाय जानराव. मी जबान देतो तुमाले." त्यांचा आवाज जरा कापल्यासारखा वाटला मला. मला वाटलं, पोरीच्या काळजीनं.

आचल रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "मी नाही पाहिलं, मावशी." आणि वर जाऊन पुस्तक उघडून बसली. पण तिच्या सराव परीक्षा त्या आठवड्यात घसरल्या. एकदा हिवरखेडला गेली की परत येणं नाही, हे तिला कळत होतं. तेल्हाऱ्याच्या मांडवात उभी राहून कोण पूर्वपरीक्षा देणार?

स्वानंदला वाईट वाटलं. तो मला म्हणाला, म्हणजे तो माझ्याशी बोलतो काम करताना, "तुझ्यामुळे झालं हे. तुला मशीन कळतं, माणूस कळत नाही. आता तुला माणूस शिकवतो." जानरावांनाही त्यानं फोन करून सांगितलं, "काका, लॅपटॉप सगळ्या वापरतात, त्यामुळे नाव चुकलं असेल. मी आता असं करतो की प्रत्येकीनं आपलं नाव आणि परवलीचा शब्द टाकल्याशिवाय नेट उघडणारच नाही. पुढे जे दिसेल ते पक्कं असेल."

"पक्कं ना?" जानराव म्हणाले. "मंग ठीक हाय."

त्यानंतरचे दिवस काय सांगू! जिवंत माणसाचं पोट फाडून त्याला चालायला लावावं तसे. स्वानंद कॉलेजातून आला की माझ्यासमोर बसायचा, आतला प्रोग्राम उघडायचा, दोन ओळी घालायचा, चार काढायचा. कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांना विचारायचा, त्यातला एखादा उत्तर द्यायचा, तेही अर्धं. मग काहीतरी बिघडायचं आणि वरून सगळ्या पोरी एकदम ओरडायच्या, "दादा, नेट गेलं!" स्वानंद ओरडायचा, "माहीत आहे! मीच घालवलंय!" कधी मी सगळ्यांनाच आत सोडायचो, कधी कोणालाच नाही. एकदा तर मी स्वानंदलाच ओळखलं नाही आणि त्याला बाहेर ठेवलं. तो चरफडला. दुर्गाबाईंनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "गवंड्यासारखं झालं बाबा तुहं. घर तुवं बांधलं अन् तूच बाहीर."

शेवटी जमलं. नेट उघडलं की आधी एक पान यायचं, त्यावर स्वानंदनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आपण कोण?' दुर्गाबाईंनी ते वाचलं आणि भडकल्या.

"हे काय लिहिलं? दारात आलेल्या माणसाले 'कोण बे तू' असं इचारते का कोणी? आधी पाणी इचारतेत, मंग नाव!"

स्वानंदनं ते बदललं. 'या, बसा. नाव सांगाल का?' मलाही ते बरं वाटलं.

पोरींना त्यानं बजावून सांगितलं की ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा शब्द, कोणाला द्यायचा नाही. पोरी "हो दादा" म्हणाल्या. संध्याकाळी फोन परत मिळाले आणि पाहतो तर काय, रागिणी सहा ठिकाणी बसलेली! एक रागिणी गच्चीवर, एक बाथरूममध्ये, एक कोपऱ्यातल्या खोलीत. तिचा शब्द सोपा होता, तिच्याच नावापुढे एकदोनतीन. कोणी मागितला, तिनं दिला. आपल्याकडे चहात साखर मागायला शेजारीण आली तर तिला परवलीचा शब्द विचारतो का आपण? तसंच ते. स्वानंदनं कपाळावर हात मारला, सगळ्यांचे शब्द बदलले आणि एका नावाला एकाच ठिकाणी बसता येईल अशी सोय केली. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

दुर्गाबाईंनी मात्र नाव घेतलं नाही. "काकू, तुमचंही एक करून ठेवू का?" तर म्हणाल्या, "मी घरची मालकीण. माह्या घरात मीच कोणाले नाव सांगू? अन् मले काय कराचं नेटचं?"

इथे मला रामरावांबद्दल सांगायला हवं. रामराव वलगावचे, एस्टीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बायको वारली, मुलगी सासरी. रोज सकाळी गाडीवर भाजी घेऊन यायचे, आपल्याच वावरातली, आणि ओसरीत बसून चहा घेऊन जायचे. मी ऐकत असायचो. भाजीचं बोलणं संपायचं, तरी चहा संपायचा नाही. दुर्गाबाई हसायच्या. एकटं माणूस किती दिवसांनी हसतं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधी कळतं, त्या माणसाला मागून.

पूर्वपरीक्षा जवळ येत होती. एका दुपारी आचल एकटीच हॉलमध्ये होती, बाकीच्या क्लासला गेल्या होत्या. दुर्गाबाई तिच्याजवळ आल्या.

"आचल, तुह्या नावानं जरा नेट खोलून दे व. मले एक पाहाचं हाय."

"घ्या ना मावशी." तिनं आपलं नाव टाकलं, शब्द टाकला आणि उठली. "चहा मांडू का तुमच्यासाठी?"

"मांड."

आचल स्वयंपाकघरात गेली. दुर्गाबाई एकेक अक्षर शोधत टाकत होत्या. आणि मग तोच पत्ता माझ्यातून गेला. तेच वकिलाचं संकेतस्थळ.

माझ्या अंगातून काय गेलं ते माझं मला माहीत. म्हणजे दिवाळीनंतरच्या त्या दुपारीही बाईच होत्या! आणि पोरीसाठी त्यांनी जबान दिली होती, ती त्या कापऱ्या आवाजात. तुम्ही म्हणाल, मग पुन्हा तेच कशाला केलं? मीही तेच म्हणालो असतो. पण त्या स्वतःशीच पुटपुटल्या तेव्हा मला कळलं. "आता बरं हाय. नाव सांगितलं की चौकीदार सोडते. मंग थोडीच मागं मागं येते तो." त्यांना वाटलं की गेटवरच्या चौकीदारासारखं असतं हे. नाव सांगितलं, तो 'जा' म्हणाला, संपलं. आत जाऊन तुम्ही काय करता त्याच्याशी त्याला काय! आधी नाव सांगितलं नव्हतं म्हणून बोंब झाली, आता सांगून जातोय, मग कशाची भीती? कोणीही असंच समजलं असतं. मी मात्र मागे मागे जाणारा चौकीदार आहे.

आचल चहा घेऊन आली. पान उघडंच होतं. कप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मावशी," आचल हळूच म्हणाली, "रामरावकाका?"

दुर्गाबाई म्हणाल्या, "अकोल्याच्या माह्या भावाले कळलं तं उभं नाही करणार मले. अन् पोरीयचे बाप? कोण ठेवन माह्या घरी पोट्टी? कोणाले सांगू नको व माय."

"नाही सांगत," आचल म्हणाली.

आणि मी लिहून ठेवलं: आचल. या वेळी लॅपटॉप नाही, आचल. पक्कं.

रविवारपर्यंत माझा जीव कसा तळमळला ते काय सांगू. पंखा जोरात फिरवला, तापलो, वाटलं जळून जावं. एकदा लाईट गेली. मला हायसं वाटलं, वाटलं आता आलीच नाही तर! पण आली. मी कानांनी काय ऐकलं ते मला सांगता येत नाही. सांगता येतं ते फक्त नाव, आणि नाव आचलचं होतं. रविवारी मेसेज गेला.

सोमवारी सकाळी घरापुढे बोलेरो थांबली. जानराव आले ते थेट हॉलमध्ये.

"कुठी हाय ते? सामान बांध म्हणा."

पोरी जिन्यावर गोळा झाल्या. आचल खाली आली. रागिणी पळत जाऊन स्वानंदला घेऊन आली. तो बिचारा धापा टाकत आला.

"सांगा मास्तर," जानराव म्हणाले, "तुमीच म्हटलं होतं ना, पुढं दिसन ते पक्कं म्हणून?"

स्वानंदनं माझ्यासमोर बसून पाहिलं. किती वेळ पाहिलं! मग त्याचा आवाज आला, बारीक. "काका... नाव आचलचंच आहे. तिच्याच शब्दानं उघडलंय."

"बोल आता," जानराव पोरीला म्हणाले. "कोण हाय तो? इथचा का क्लासचा?"

"कोणीच नाही, बाबा."

"मंग काहून पाहिलं?"

आचल गप्प.

"म्या तुह्यासाठी लोकायले थांबवून ठेवलं. भावकीत बोलणं खाल्लं. म्हटलं पोट्टी साहेबीण होईन. अन् तू अशी?" त्यांचा आवाज फाटला. रागानं नव्हे, मला कळलं ते. "जा. बॅग आण."

आचल जिना चढली. एक शब्द बोलली नाही. मी मनात ओरडत होतो, अगं सांग! एक नाव सांग, सुटशील! बॅग ओढल्याचा आवाज आला. पुस्तकांची बॅग जड असते, पायरीपायरीला आपटत खाली आली.

ती दारापर्यंत गेली आणि तेव्हा स्वयंपाकघरातून दुर्गाबाई बाहेर आल्या.

"स्वानंद, मले नाव दे."

"काय, काकू?"

"या डब्यात. माहं नाव घाल. आत्ता."

"काकू, आत्ता कशाला..."

"घाल म्हणतो ना!"

स्वानंदनं घातलं. 'दुर्गाबाई.' मग म्हणाला, "आता परवलीचा शब्द टाका. मला सांगू नका."

"तुले काहून नाही सांगू? लपवाचं काय राह्यलं आता?"

त्या बसल्या आणि एकेक अक्षर शोधत टाकू लागल्या. घरात एवढी शांतता होती की त्यांची बांगडी टेबलाला लागल्याचा आवाज यायचा. मी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. मी दार उघडलं आणि त्या थेट त्याच पत्त्यावर गेल्या.

"या जानराव. पाहा. हेच होतं ना? हे मी पाहिलं होतं. दिवाळीच्या वक्ताले बी मीच, अन् आता बी मीच. पोट्टीनं मले फक्त नेट खोलून दिलं, ते चहा कराले गेल्ती."

जानराव म्हणाले, "तुमी? तुमाले काय कराचं याचं?"

"लग्न कराचं हाय."

जिन्यावरची एक पोरगी फिसकन हसली आणि रागिणीनं तिला चिमटा काढला, "आई गं" ऐकू आलं.

"कोणासंगं?"

"रामराव हायेत, वलगावचे. भाजी आणतेत ते."

"बाई, तुमचं वय काय?"

"तुमच्यापेक्षा दोन वर्सं कमी असन. तुमी या वयात एकटे राहून पाहा, मंग इचारा मले."

जानरावांनी खुर्ची ओढली आणि बसले. कोणीतरी पाणी दिलं असावं, कारण तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्या पोट्टी तुमच्या भरवशावर ठेवली होती बाई," ते म्हणाले. "या डब्याच्या नाही."

"मंग इतके दिवस डब्याले काहून इचारत होते?" दुर्गाबाई म्हणाल्या. "मले इचारलं असतं. मी खोटं बोलली असती कदाचित. पण पोट्टीले तं इचाराचं होतं! तिनं सांगितलं होतं ना, मी नाही पाहिलं म्हणून. तुमी मशीनचं ऐकलं."

जानराव पोरीकडे वळले असावेत. "तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग बोलली काहून नाही? मी तुले घेऊन चाललो होतो ना! तेल्हाऱ्याले बसवली असती तुले!"

"त्यायचं होतं ते बाबा," आचल म्हणाली. "त्यायनंच सांगाचं. मी कशी सांगू?"

मग चहा झाला. कसा झाला, कोणी प्याला, माझं लक्ष नव्हतं. बोलेरो सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा बॅग घरातच होती. दारातून जानराव स्वानंदला म्हणाले, "मास्तर, तो रविवारचा मेसेज मले नका धाडत जाऊ." आणि पुढे, "बाई, अक्षता टाकाले बलावा."

"कोर्टात अक्षता नसतेत," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मंग काय असते?"

"सह्या."

"तं सही कराले बलावा."

सगळं गोड झालं असं समजू नका. बातमी फिरलीच. दोन पोरींचे बाप येऊन त्यांना घेऊन गेले, एक तर चादर विसरून गेली घाईत. अकोल्याच्या भावाचा फोन आला तो एकदाच, आणि त्यानंतर येत नाही. वरची एक खोली रिकामी आहे. कोर्टात लग्नाची नोटीस लागली आहे आणि तारखेची वाट आहे. रामराव आता ओसरीत थांबत नाहीत, सरळ हॉलमध्ये बसतात. कोणी काही म्हटलं तर कंडक्टरच्या आवाजात म्हणतात, "पुढं सरका, पुढं सरका."

रविवारचे मेसेज स्वानंदनं कायमचे बंद केले. नाव विचारणं मात्र ठेवलं. बाहेरचा कोणी फुकट घुसू नये म्हणून. आचलची पूर्वपरीक्षा झाली, निकाल यायचा आहे, आणि पोरगी रोज पहाटे निकालाचं पान उघडून पाहते, अजून लागला नाही म्हणून बंद करते, पुन्हा उघडते. तिच्याबरोबर माझीही घालमेल होते.

मला आता सगळ्यांची नावं कळतात आणि मी कोणालाच सांगत नाही. एवढी माहिती पोटात घेऊन गप्प बसायचं, हा काय स्वभाव आहे का माझा? पण शिकतोय. शिकेपर्यंत राहीन की नाही, देव जाणे. पंख्याची घरघर वाढली आहे आणि स्वानंद परवा म्हणत होता, आता तळहाताएवढं नवं यंत्र मिळतं, काकू, आवाज नाही, काही नाही.

येऊ दे. जाण्याआधी गावोगावच्या बापांना हात जोडून एक सांगणं आहे, आणि आयांनाही. पोरीचं काही जाणून घ्यायचं असेल तर फोन उचला आणि पोरीलाच लावा. ती गप्प बसली तर थोडं थांबा, तिच्या गप्प बसण्यालाही काही कारण असेल. मला विचारू नका. मी नाव सांगेन, ते नाव खरंही असेल, आणि तरी तुम्ही चुकीच्या पोरीची बॅग गाडीत ठेवाल.